दगडफूल व त्याचें कुल

जुन्या आंब्याच्या सालीवर किंवा बांधाच्या दगडावर राखी, हिरवट रंगाचे पापुद्रे वाढलेले आढळतात. पुष्कळ शेतकरी त्यांस रोग समजून सालीसकट खरवडून काढतात. तसें करण्यापूर्वीं त्यांची ओळख करून घेणें हिताचें आहे.

शास्त्रांत यांस शैवाक म्हणतात. ही एक वनस्पती नसून दोन जीवांची भागीदारी होय. बुरशी घर बांधते व ओल धरून ठेवते. तिच्या आश्रयास राहिलेलें सूक्ष्म शेवाळ सूर्यप्रकाशांत अन्न तयार करून दोघांस पोसतें. सायमन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञानें इ. स. १८६७ मध्यें हें मत मांडलें, तेव्हां अनेक विद्वानांनीं तें धुडकाविलें. पुढें तेंच खरें ठरलें.

शैवाक घडविणाऱ्या बुरशींच्या कुलांत पार्मेलिएसी हें सर्वांत मोठें; त्यांत अडीच हजारांहून अधिक जाती आहेत. आपल्या गोड्या मसाल्यांतील दगडफूल याच कुलांतलें. उस्निया फांद्यांवरून दाढीसारखी लोंबते. आइसलँडांत सेट्रारियाचें पीठ करून लोक दुष्काळांत खात. युरोपांतील ओक वृक्षावरील एव्हर्नियाचा अर्क अत्तरांत पडतो. तर पिवळीजर्द लेथारिया विषारी असून उत्तर युरोपांत ती लांडग्यांसाठीं आमिषांत घालीत. एकाच कुलांत अन्न, सुगंध व विष!

आतां मुख्य मुद्दा. बांडगूळ फांदींत मूळ घालून रस शोषतें. तें कापलेंच पाहिजे. शैवाकास मुळें नसतात. साल ही त्याची केवळ बसण्याची जागा. पाणी व क्षार तें पाऊस, दंव आणि धूळ यांतून घेतें. झाड खंगून पानें विरळ झालीं कीं आंत ऊन शिरतें व शैवाक फोफावतें. अर्थात् तें अशक्तपणाचा साक्षी आहे, गुन्हेगार नव्हे. साल खरवडल्यानें मात्र जखम होऊन खऱ्या रोगास वाट मिळते. म्हणून अशा झाडाचीं मुळें, पाण्याचा निचरा, खत व भिरूड यांची तपासणी करावी.

याची वाढ फार मंद, बहुधा वर्षास कांहीं मिलिमीटर इतकीच. सबब मसाल्यासाठीं काढतांना सर्व न ओरबाडतां बराच भाग राखावा. गंधकी धुरानें अनेक जाती मरतात. ज्या बागेंत त्या विपुल आहेत, तेथील हवा बहुधा शुद्ध आहे असें समजावें.