देश बदलला की अनुभव वाया जातो का?

प्रश्न : माझी भाची कोल्हापुरात नऊ वर्षं आयसीयूमध्ये सिस्टर होती. आता ती जर्मनीत आहे. जर्मनची बी-२ परीक्षा पास होऊनही हॉस्पिटलने तिला आधी सहायकाच्या जागेवर घेतलं. बरोबरचे लोक फटकळ आहेत, चूक तोंडावर सांगतात, असंही ती म्हणते. देश बदलला की आधीचा अनुभव वाया जातो का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वाया जात नाही. पण जर्मनीत तो आपोआप कुणी ओळखत नाही, मांडावा लागतो. आधी कागदावर, मग बोलण्यात.

आधी कागदाचं पाहू. जर्मनीत सरकारी मान्यता असल्याशिवाय पूर्ण परिचारिका म्हणून काम करता येत नाही. युरोपीय संघातल्या देशांमध्ये शिकलेल्यांना २००५ च्या एका निर्देशामुळे ही मान्यता बहुतेक वेळा थेट मिळते. भारतातून आलेल्यांची फाइल मात्र त्या-त्या राज्याचं कार्यालय तपासतं. तुलना होते ती जर्मनीतल्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणाशी : २,१०० तास वर्गात आणि २,५०० तास प्रत्यक्ष कामात. २०२० पासून तिथे रुग्णसेवा, बालसेवा आणि वृद्धसेवा हे तिन्ही अभ्यासक्रम एकत्र झाले आहेत. आपल्या जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंगच्या कागदांत वृद्धसेवेचे तास कमी दिसले, की तेवढा फरक काढला जातो. तो भरून काढायला पूरक प्रशिक्षण घ्यायचं किंवा परीक्षा द्यायची. तोवर सहायकाची जागा. हा तिच्या हुशारीवरचा शेरा नाही.

यात एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. अभ्यासक्रमातला फरक कामाच्या अनुभवानेही भरून निघू शकतो. पण आपल्याकडचे अनुभवाचे दाखले कसे असतात? ‘अमुक ते तमुक काळात स्टाफ नर्स होत्या, वर्तणूक चांगली’, संपलं. कोणता वॉर्ड, व्हेंटिलेटरवरचे रुग्ण सांभाळले का, कोणती कामं स्वतः केली, यातलं काहीच नाही. जे लिहिलेलं नाही ते तपासणारा धरणार कसं?

दुसरा धक्का कामाच्या वाटणीचा. आपल्याकडे रुग्णाला आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे बरंचसं नातेवाईक, मावशी आणि वॉर्डबॉय करतात. जर्मनीत ते परिचारिकेचंच काम आहे. उलट शिरेत सुई घालणं, रक्त काढणं ही आपल्या सिस्टरच्या हातची कामं तिथे बऱ्याच ठिकाणी डॉक्टर करतात. त्यामुळे आयसीयूतून गेलेल्या मुलीला आपण खाली उतरलो असं वाटतं. पण अंग पुसताना त्वचा, श्वास आणि हालचाल तपासणं हा तिथल्या शुश्रूषाशास्त्राचा भाग आहे.

आता फटकळपणा. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ च्या ‘बियाँड कल्चर’ या पुस्तकात एक भेद मांडला. काही समाजांत बराचसा अर्थ प्रसंगातून, नात्यातून आणि न बोललेल्यातून कळतो, तर काहींत तो शब्दांतच सांगावा लागतो. आपण पहिल्या बाजूचे, जर्मन दुसऱ्या. ‘बघते, जमतंय का’ म्हटलं की कोल्हापुरात समोरचा ओळखतो, जमणार नाही. तिथे हेच वाक्य होकाराच्या जवळचं धरलं जातं आणि काम झालं नाही की भाची बेभरवशाची ठरते. मान डोलावली की तिला समजलं असं वाटतं. स्वतःहून काही विचारलं नाही, तर अडचण नाही असं मानतात. ‘हे चुकलं’ हे वाक्य तिथे त्या कामाबद्दल असतं. सांगणारा थोड्या वेळाने तुमच्याबरोबर कॉफी प्यायला तयार असतो.

म्हणून भाचीला चार गोष्टी सांगा. नाही म्हणायचं असेल तर स्पष्ट म्हणावं आणि कधी जमेल तेही सांगावं. समजलं नाही तर तिथल्या तिथे पुन्हा विचारावं. डॉक्टरांचा तोंडी आदेश स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवावा. त्याने औषधाची चूकही टळते. आणि ‘मी व्हेंटिलेटरवरचे रुग्ण सांभाळले आहेत’ हे वरिष्ठांना स्वतःहून सांगावं. आपल्याला ती फुशारकी वाटते, तिथे ती उपयोगाची माहिती असते.

जुन्या हॉस्पिटलमधून वॉर्ड, कामं आणि काळ असा तपशील असलेला नवा दाखला मिळवायला तुम्ही इथून मदत करू शकता. आणि ‘अजून हेल्परच का?’ हा प्रश्न मात्र फोनवर तिला विचारू नका.