श्रीक्षेत्र भीमाशंकर : ज्योतिर्लिंगाभोवतीचे अरण्य

बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेले श्रीक्षेत्र भीमाशंकर पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर वसले आहे. पश्चिमेस कोकणात उतरणारे उभे कडे आणि पूर्वेस भीमेचे खोरे. या दोहोंमधील सदाहरित रान हे पूर्वी घाटमाथ्यावर दूरवर पसरलेल्या अरण्याचा उरलेला अंश होय. इतरत्र लाकूड, कोळसा व शेतीसाठी जंगल तुटले. मंदिराभोवतीचे रान मात्र देवाचे म्हणून राखले गेले. अशा राखीव रानास देवराई म्हणतात.

वनस्पतींची विविधता

अंजनी, जांभूळ, आंबा, पिसा, पारजांब, हिरडा हे येथील प्रमुख वृक्ष. अंजनीच्या फांद्यांवर निळ्याजांभळ्या फुलांचे झुबके लगडतात. पावसाळ्यात खोडांवर शेवाळ, नेचे व आमरी वाढतात. उतारांवर कारवीचे दाट रान असते. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते आणि बी धरून वाळून जाते. पुढची पिढी त्या बियांतूनच उगवते. हिरड्याची कोवळी फळे, म्हणजेच बाळहिरडा, वेचून विकणे हे परिसरातील महादेव कोळी समाजाच्या उपजीविकेचे जुने साधन आहे.

जुन्या नियमामागील अर्थ

अनेक देवरायांत वाळलेली काटकीसुद्धा घरी नेऊ नये, असा दंडक होता. त्यामागील अर्थ येथे प्रत्यक्ष दिसतो. पडलेले लाकूड कुजून मातीस परत मिळते व त्यावर बुरशी वाढते. पावसाळ्याच्या अंधाऱ्या रात्री हेच कुजके लाकूड काही ठिकाणी मंद हिरवट प्रकाशाने उजळते. तो प्रकाश बुरशीचा असतो. कुजलेल्या पाल्याने भुसभुशीत झालेली माती मुसळधार पाऊस शोषून घेते आणि झऱ्यांतून सावकाश सोडते. येथे उगम पावणारी भीमा पुढे पंढरपुरी चंद्रभागा म्हणून पूजिली जाते. म्हणून येथील रानाची राखण ही त्या तीर्थाचीही राखण ठरते.

संरक्षण

१९८५ मध्ये शासनाने भीमाशंकर अभयारण्य घोषित केले. सुमारे १३० चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र पुणे, ठाणे व रायगड या तीन जिल्ह्यांत पसरले आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू येथे आढळतो. तो क्वचितच जमिनीवर उतरतो. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेप घेतच त्याचा संचार चालतो. मधले एक झाड तुटले तरी त्याची वाट तुटते. कायद्याने कुऱ्हाडीस आळा घातला, तरी गर्दीच्या पावलांचे काय? वाट सोडून चालल्याने तुडवलेले रोप पुढे वृक्ष होत नाही आणि उतारावरील सैल झालेली माती पहिल्याच पावसात वाहून जाते.

भाविकांस नम्र विनंती

गुप्त भीमाशंकर, नागफणी आदी स्थळी जाताना मळलेल्या वाटेनेच जावे. पूजेसाठी वा औषधासाठी रानातील पाने, फुले, साली, मुळे तोडू नयेत. वाळके लाकूड पेटवू नये. शेकरू व माकडांना खाऊ घालू नये. प्लॅस्टिक आपल्यासोबत परत न्यावे. पूर्वजांनी श्रद्धेने राखलेले हे रान पुढील पिढीच्या हाती तसेच सोपविणे, हीदेखील श्रीशंकराची सेवाच आहे.