पाण्यात भिजलेला मोबाइल आणि मदरबोर्डची दुरुस्ती

जळगाव जिल्ह्यातील केळीच्या बागा असोत किंवा धुळे जिल्ह्यातील कापसाची शेते, मोबाइल हे आज शेतकऱ्याचे नित्याचे साधन झाले आहे. बाजारभाव, हवामानाचा अंदाज, बँकेचे व्यवहार आणि घरच्यांशी संपर्क या साऱ्यांचा भार त्या एका संचावर असतो. हा संच पाटाच्या पाण्यात पडला किंवा पावसात भिजला, की तो कायमचा निकामी झाला अशी समजूत करून घेतली जाते. वस्तुतः पुष्कळदा बिघाड मदरबोर्डवरील एखाद्या लहानशा भागापुरता मर्यादित असतो व तो दुरुस्त होऊ शकतो. मात्र त्यासाठी पहिल्या काही तासांतील दक्षता महत्त्वाची ठरते.

प्रथम काय करावे?

पाण्यातील क्षार आणि बॅटरीतील वीज एकत्र आली, की मदरबोर्डवरील तांब्याच्या सूक्ष्म रेषा झिजू लागतात. बॅटरी जोडलेली असेपर्यंत ही झीज चालूच राहते. म्हणून संच ताबडतोब बंद करून कारागिराकडे न्यावा; चार्जिंगला लावू नये. तांदळात पुरून ठेवल्याने आतील क्षार निघत नाहीत. खानदेशच्या कडक उन्हात संच वाळत घालणे तर बॅटरीच्या दृष्टीने धोक्याचे होय.

दुरुस्तीचा क्रम

कारागीर प्रथम बॅटरीची जोडणी सोडवितो. नंतर मदरबोर्ड बाहेर काढून त्यावरील पत्र्याची आवरणे उचलली जातात आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ ब्रश यांच्या साहाय्याने क्षार धुऊन काढले जातात. बोर्ड पूर्ण वाळल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली गंजाचे हिरवट-पांढरे डाग शोधले जातात.

पुढील पायरी शॉर्ट शोधण्याची. ठिबक सिंचनाची एक नळी फुटली, की संपूर्ण ओळीतील पाण्याचा दाब उतरतो. त्याचप्रमाणे एक कपॅसिटर शॉर्ट झाला, की त्या मार्गावरील सर्व भागांचा वीजपुरवठा कोसळतो. मल्टिमीटरने तो मार्ग निश्चित करून त्यात कमी व्होल्टेजची वीज सोडली जाते. सदोष भाग तापतो व त्यावर लावलेले अल्कोहोल सर्वांत आधी उडून जाते. असा भाग हॉट एअर यंत्राने काढून नवा बसविला जातो. तुटलेली रेषा बारीक जंपर तारेने जोडली जाते.

येथे उष्णतेचे भान आवश्यक आहे. ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असलेले जुने सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते. आजच्या संचांतील शिसेविरहित सोल्डरला सुमारे २१७ ते २२० अंश लागतात. उष्णता अधिक झाल्यास शेजारचे चांगले भागही निकामी होतात. संच पुन्हा सुरू होताच त्यातील छायाचित्रे व कागदपत्रे अन्यत्र उतरवून घ्यावीत. कारण उरलेला गंज पुन्हा डोके वर काढू शकतो.

प्रशिक्षणाची संधी

ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांच्या कार्यक्रमात मोबाइल दुरुस्तीचा ३० दिवसांचा निःशुल्क अभ्यासक्रम आहे. इच्छुक युवक-युवतींनी आपल्या जिल्ह्यातील संस्थेकडे चौकशी करावी.

दुरुस्त न होणारे बोर्ड जाळू नयेत किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे. तथापि, संच कचऱ्यात जाण्यापूर्वी कुशल हाताखालून जावा, यातच ग्राहकाचे हित आणि गावातील तरुणाचा रोजगार दोन्ही साधले जातात.