घरचा तेलाचा डबा किती दिवस पुरावा?



उसाच्या पत्रिकेत तेलाचा लेख कशाला, असे कुणी विचारील. आम्ही शेतकी खात्याची माणसे बांधावर जातो ती ऊस बघायला; पण अलीकडे निम्म्या गोष्टी रक्तदाबाच्या, साखरेच्या आणि 'डॉक्टरनं तेल बंद केलं' याच्याच निघतात. एका घरी तेल मोजायची पद्धतच नाही, तर शेजारच्या घरी म्हाताऱ्या बाबांनी तेल-तूप सारे सोडून कोरडी भाकर धरलेली. दोन्ही चूकच. खताची पोती आपण एकरी मोजतो, तसे तेलही माणशी मोजले पाहिजे.

आधी पोटात काय होते ते बघू. तेल पाण्यात मिसळत नाही, हे कढई घासणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. आणि पोटात तर सारा पाण्याचाच कारभार. म्हणून जठरात तेलाचे फारसे काही होत नाही. खरे काम लहान आतड्यात चालते. यकृतात तयार झालेले पित्त पित्ताशयातून तेथे उतरते आणि साबणासारखे तेलाचे बारीक बारीक थेंब करते. त्या थेंबांवर स्वादुपिंडाचा रस काम करतो आणि तेलातील मेदाम्ले सुटी होतात. आतड्याच्या पेशी ती शोषून घेतात, आत पुन्हा जोडतात, वरून प्रथिनाचे वेष्टन चढवतात आणि माल पुढे धाडतात.

आता गंमत बघा. भाकरीतली साखर रक्तातून आधी यकृताकडे जाते. तेलाचा बहुतेक माल मात्र बाहेरच्या वाटेने, लसिकावाहिन्यांतून, पार मानेच्या बुडाशी जाऊन रक्तात पडतो. तेलकट जेवणानंतर काही तास रक्तातील पाणी दुधाळ दिसू शकते ते यामुळेच. रक्तातील चरबी तपासायला बऱ्याचदा दहा-बारा तास उपाशी पोटी बोलावतात, त्याचे कारणही हेच. सकाळी चहा-पोहे खाऊन जाल तर चरबीचा आकडा चढलेला दिसेल.

पुढे स्नायू लागेल तेवढे जाळतात आणि उरलेले चरबीच्या पेशींत साठते. कारखाना पुढच्या हंगामात बॉयलर पेटवायला थोडा बगॅस राखून ठेवतो, तशीच ही साठवण. शरीराला ती हवीच. एक ग्रॅम तेलातून ९ कॅलरी मिळतात, पिष्टातून किंवा प्रथिनातून ४. म्हणजे थोड्या जागेत जास्त जळण. शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे तेलाच्या सोबतीनेच अंगी लागतात. बाबांची कोरडी भाकर चूक म्हणतो ती यासाठी. वाढत्या लेकरांचे तेल-तूप तर उगाच कुणी तोडू नये.

मग किती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या शिफारशीत वरून घेतलेले तेल-तूप असे धरले आहे: बैठे काम करणारा पुरुष दिवसाला २५ ग्रॅम, मध्यम काम करणारा ३०, जड काम करणारा ४०, स्त्रियांना अनुक्रमे २०, २५ आणि ३०. धान्य, डाळी, दूध यांतला स्निग्धांश याहून वेगळा. माणशी सरासरी २५ ग्रॅम धरा. पाच माणसांचे घर, रोज १२५ ग्रॅम. १५ किलोचा डबा १२० दिवस, म्हणजे चार महिने चालला पाहिजे. त्यातही घरचे तूप आणि बाहेरचा आलूबोंडा धरायचा आहे! डबा आणाल त्या दिवशी त्यावर खडूने तारीख टाका. दीड महिन्यात डबा खडखडला तर हिशेब कुठे गेला ते घरीच कळेल.

कोयता घेऊन दिवसभर ऊस तोडणाऱ्याला ४० ग्रॅम पचतात. पण बैलजोडी गेली, ट्रॅक्टर आला, बांधावर मोटारसायकल जाऊ लागली. काम बैठ्याचे झाले आणि तर्री मात्र जुन्या नांगरटीच्या दिवसांचीच राहिली.

आणखी एक गोष्ट, आणि ती साखर कारखान्याच्या पत्रिकेत लिहायला आम्हाला संकोच नाही. गरजेपेक्षा जास्त साखर खाल्ली तर यकृत तिचीही चरबी बनवते. गुळाचेही तेच, दारूचेही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत सांगितली. २००० कॅलरींच्या आहारात ती ५० ग्रॅम होते. तेल तोडून दिवसाला आठ कप गोड चहा पिणाऱ्याने फार काही साधले नाही.

कोणते तेल, हा प्रश्न कळमन्याच्या यार्डात सोयाबीन घेऊन जाणारे सभासद हमखास विचारतात. शरीराला दोन मेदाम्ले स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. त्यांपैकी एक करडई, सरकी, सोयाबीन यांत भरपूर आहे, फल्लीतही आहे. दुसरे फल्लीच्या तेलात जवळजवळ नाही, सोयाबीनमध्ये थोडे, आणि जवसात मात्र तेलाच्या निम्म्याहून अधिक. नागपूरकडची जुनी सावजी भाजी जवसाच्या तेलातच होत असे. तेव्हा एकाच तेलाला चिकटून न राहता आलटून पालटून आणावे. वनस्पती तुपात पूर्वी घातक ट्रान्स मेद बराच असे. जानेवारी २०२२ पासून तो दोन टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम आहे. म्हणून डालडा पौष्टिक झाला असे मात्र नाही. आणि तळणाचे काळे झालेले तेल पुन्हा पुन्हा चढवू नये, मग ते कोणतेही असो.

जवसाचे तेल लवकर खवट होते, म्हणून थोडेच काढून आणावे. आमच्या मते त्यापेक्षा चटणी बरी. अख्खे जवस बरेचसे न पचताच बाहेर पडते, तेव्हा हलके भाजून कुटून घ्यावे आणि आठवड्यापुरतेच करावे. दिवसाला चमचाभर पुरते. घरापुरते पीक हवे असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात हरभऱ्याच्या वावरात चार तासे जवसाची टाका.