गिअर बॉक्स उतरवण्याआधी

प्रश्न : आमचा मंडपाचं सामान वाहणारा 12 वर्षांचा पिकअप आहे. इंजिन चालू असताना पहिला आणि रिव्हर्स गिअर पडत नाही, खर्रकन आवाज येतो. क्लच दोन-तीनदा दाबला की पडतो. शिवाय सिग्नलला ब्रेक दाबून धरला की पेडल हळूहळू खाली जातं. मेकॅनिक म्हणतो, गिअर बॉक्स उतरवून क्लच प्लेट बदलू. खरंच गरज आहे का?
— एक वाचक, काचीगुडा, हैदराबाद

उत्तर : बहुधा नाही. आधी गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा आणि इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. तेव्हा ते अलगद पडले, तर गिअर बॉक्सवर आळ घ्यायचं कारण नाही. क्लच दाबूनही इंजिन गिअर बॉक्सला फिरवत राहतं, एवढाच त्याचा अर्थ. रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत सिंक्रो रिंग नसते, म्हणून खरखर तिथे आधी ऐकू येते. एकट्या दुसऱ्याच गिअरला खरखर असती, तर मी त्या रिंगवर संशय घेतला असता.

‘क्लच गेला’ असं म्हणताना आपण दोन उलटे रोग एकत्र करतो. प्लेट झिजली की तिची पकड सुटते : बंजारा हिल्सच्या चढावर रेस वाढते, गाडी ओढत नाही, जळका वास येतो. तुमचा क्लच तर सोडायलाच तयार नाही. त्यावर नवी प्लेट म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दोन-तीनदा दाबल्यावर गिअर पडतो, यात खरी मेख आहे. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो, त्या दाबानं खालचा स्लेव्ह सिलिंडर क्लचचा फोर्क सरकवतो. ऑइल गळून आत हवा शिरली की जोर हवा दाबण्यातच जातो आणि फोर्क पुरता सरकत नाही. जुन्या पिकअपचा स्लेव्ह सहसा गिअर बॉक्सच्या बाहेर असतो. त्याचं रबरी बूट मागे सारून आत बोट फिरवा. ओलं लागलं, तर चोर सापडला. कोरडं असेल, तर पायाखालचं मॅटिंग उचला. मास्टर गळत असेल तर पेडलच्या दांडीवरून ऑइल ओघळलेलं दिसेल. रबरी किट राणीगंजात मिळतं. ते बदलून हवा काढल्यावरही गिअर अडला, तरच गिअर बॉक्स उतरवा.

आता ब्रेक. पेडल दाबून इंजिन सुरू केलं की ते किंचित खाली जातं. ती बूस्टरची मदत, बिघाड नव्हे. पण ते तसंच सरकत राहिलं आणि बाहेर कुठे गळती नसली, तर मास्टर सिलिंडरमधलं रबर ऑइल आतल्या आत मागे सोडतंय. डब्यातली पातळी घटत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. एरवी पंप केल्यावर पेडल वर येऊन टिकलं असतं, तर मागच्या ड्रमचे लायनर किंवा हवा तपासा म्हटलं असतं.

दोन्ही दुखणी एकदमच का आली? रबर एकाच वयाचं आणि ऑइलही बहुधा तितकंच जुनं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं. झाकणावर लिहिलेलंच, म्हणजे डॉट 3 किंवा डॉट 4, घाला. अडीअडचणीलाही इंजिन ऑइल ओतू नका. त्यानं रबर फुगतं.

क्लचचं काम चार दिवस लांबलं तरी चालेल, ब्रेकचं नाही. मास्टर सिलिंडर दुरुस्त होईपर्यंत मंडपाचं सामान भाड्याच्या गाडीतून न्या.