एकच कीबोर्ड, तीन संगणक

सभासद बंधुभगिनींच्या घरी एकाहून अधिक संगणक असणे हल्ली नवलाचे राहिलेले नाही. पेढीच्या हिशेबाचा एक, मुलांच्या अभ्यासाचा दुसरा आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेला जुना तिसरा. या तिसऱ्यास भंगारात देण्याची घाई पुष्कळांना होते. ती करू नये असे आमचे मत आहे, आणि त्याचे कारण जुन्या वस्तूचा लोभ नसून कायदा हे होय. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम ३६ अन्वये हिशेबाची पुस्तके त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. अपील वा चौकशी चालू असल्यास त्याहूनही अधिक काळ. ती वर्षे ज्या जुन्या प्रणालीत लिहिली गेली, ती नव्या संगणकावर उघडेलच याचा भरवसा नसतो. हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर असावीच. तथापि ती वाचणारे यंत्रही हाताशी हवे.

विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली, विंडोज १० ची सर्वसाधारण दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. यास्तव असा संगणक ठेवावा, पण त्यास इंटरनेट जोडू नये.

आता प्रश्न उरतो जागेचा. तीन मॉनिटर, तीन कीबोर्ड आणि तीन माऊस एका मेजावर मावत नाहीत. यावर ‘केव्हीएम स्विच’ नावाची लहानशी पेटी मिळते. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माऊस या तीन शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले. सर्व संगणकांच्या तारा पेटीत येतात, पेटीतून एकच मॉनिटर, एकच कीबोर्ड व एकच माऊस निघतो. बटण दाबले की समोरचा संगणक बदलतो. पुष्कळ पेट्यांत स्क्रोल लॉक ही कळ दोनदा दाबूनही हे साधते. (नव्या कीबोर्डांतून ही कळच नाहीशी होत चालली आहे, हे खरेदीपूर्वी पाहावे.)

पूर्वी एकच मुनीम एकाच बैठकीवर दोन पेढ्यांच्या वह्या लिहीत असे. दौत एक, लेखणी एक. पण एकीचा जमाखर्च दुसरीच्या रोजमेळात उतरत नसे. पेटीचे काम नेमके असेच आहे. आपल्या बुऱ्हाणपुरातील १६१५ सालच्या कुंडी भंडाऱ्यात साऱ्या कुंड्या जमिनीखालून एकमेकींस जोडलेल्या आहेत आणि त्यांचे पाणी एक होते. पेटीने जोडलेल्या संगणकांतील माहिती तशी एक होत नाही. मात्र काही पेट्यांवर पेनड्राइव्हसाठी जादा खाच असते. तीत पेनड्राइव्ह ठेवून संगणक बदलला, तर व्हायरसला वाट मोकळी झाली असे समजावे.

खरेदी करताना संगणकांची मागची बाजू आधी पाहावी. जुन्यास पंधरा टाचण्यांची व्हीजीए खाच असते, नव्यास एचडीएमआय. दोन्हींसाठी एकच पेटी घ्यावयाची तर मध्ये परिवर्तक लागतो, आणि व्हीजीएचे एचडीएमआय करणे साध्या तारेने होत नाही. अगदी स्वस्त पेटीत एक दोष आढळतो : संगणक बदलताच मागे राहिलेल्या यंत्रास आपला मॉनिटर निघून गेला असे वाटते, आणि परत येताच अक्षरांचा आकार बदललेला दिसतो. ईडीआयडी राखणारी पेटी घेतल्यास हा त्रास टळतो. ज्यांच्या मॉनिटरलाच दोन खाचा आहेत, त्यांनी कीबोर्ड-माऊसपुरता साधा यूएसबी स्विच घ्यावा. मॉनिटरचे बटण स्वतः दाबण्याचे कष्ट सोसले की खर्च पुष्कळ वाचतो.

पेटीशिवायही मार्ग आहे. मायक्रोसॉफ्टची ‘माऊस विदाउट बॉर्डर्स’ ही मोफत प्रणाली एका कीबोर्ड-माऊसने चार संगणकांपर्यंत चालविते. परंतु तिथे प्रत्येकाचा पडदा वेगळा लागतो आणि सर्व संगणक एकाच नेटवर्कवर असावे लागतात. नेटवर्कपासून मुद्दाम दूर ठेवलेल्या जुन्या हिशेबाच्या यंत्रास ती उपयोगी नाही.

खरा धोका हातांचा आहे. दोन फर्मांचे हिशेब दोन यंत्रांवर असतील, तर पडदा न पाहता टंकलेली रक्कम भलत्याच फर्मच्या खात्यात पडते आणि ताळेबंदाच्या वेळी शोधूनही सापडत नाही. बँकेचा पासवर्डही असाच भलत्या ठिकाणी उमटतो. म्हणून प्रत्येक यंत्राच्या पडद्याची पार्श्वभूमी निराळ्या रंगाची ठेवावी. जुन्या हिशेबाच्या यंत्रास वहीच्या पुठ्ठ्याचा लाल रंग शोभतो. आमच्याकडे नातवंडांनाही तो लाल पडदा दिसताच हात मागे घ्यावयाचा हे ठाऊक आहे.

पेटी बिघडली तर तीनही यंत्रे एकदम मुकी होतात. यासाठी एक साधा कीबोर्ड आणि माऊस कपाटात राखून ठेवावा, आणि पेटीचा अडॅप्टर असल्यास तोही संगणकांबरोबर इन्व्हर्टरवरच जोडावा.