ऑइल कूलर व एसी कंडेन्सर : केव्हा धुवावा, केव्हा बदलावा



खेड, मावळ भागात वातानुकूलित केबिनचे ट्रॅक्टर आणि ऑटोमॅटिक गिअरच्या जीपगाड्या आता आपल्याही दारात दिसू लागल्या आहेत. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत गाडी अडकली की समोरून वारा लागत नाही, सारी भिस्त पंख्यावर राहते. त्यात जाळीत धूळ आणि भुसा बसलेला असला तर केबिन गार होत नाही आणि गिअरचे तेलही तापते.

याचे कारण मांडणीत आहे. बहुतेक गाड्यांत एसीचा कंडेन्सर सर्वांत पुढे, गिअर तेलाचा कूलर त्याच्या शेजारी किंवा मागे आणि शेवटी रेडिएटर असतो. पुढची जाळी तुंबली की मागच्यांना गरम व अपुरी हवा मिळते. तेलाचे तापमान दर 10 अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणून नवा भाग आणण्यापूर्वी इंजिन थंड असताना पंख्याच्या बाजूकडून बाहेर, बेताच्या दाबाने हवा मारावी. सर्व्हिसिंगचा जोरदार फवारा पातळ पत्र्या वाकवतो.

कंडेन्सरवर तेलकट धुळीचा डाग दिसला तर तेथून गॅस गळतो असे समजावे, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर येते. अशा वेळी तो बदलावा. ॲल्युमिनियमच्या बारीक नळ्यांना मारलेला डाग माझ्या मते फार दिवस टिकत नाही.

नळी स्वतः खोलू नये. 35 अंश तापमानात बंद गाडीतही आर-134ए गॅसचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे 8 किलो असतो. हा गॅस उणे 26 अंशांना उकळतो. डोळ्यांवर उडाल्यास डोळा जाऊ शकतो. तो हवेत न सोडता यंत्राने काढून घेणारे वर्कशॉप गाठावे. पिंपरी-चिंचवड व चाकण ही मोटारींच्या कारखान्यांची गावे असल्याने ते शोधायला दूर जावे लागत नाही. कंडेन्सरबरोबर ओलावा शोषणारा ड्रायर व ओ-रिंगा नव्या घालाव्यात, किमान अर्धा तास निर्वात करून दाब टिकतो का पाहावे आणि गाडीच्या पट्टीवर लिहिले तेवढाच गॅस वजनाने भरून घ्यावा. स्वस्त पडतो म्हणून स्वयंपाकाचा गॅस मुळीच भरू देऊ नये.

ऑइल कूलरची गोष्ट वेगळी. गिअरबॉक्स मोडल्यावर तो दुरुस्त करून जुनाच कूलर जोडला जातो, आणि येथेच खरे नुकसान होते. धातूचा कीस कूलरच्या अरुंद वाटांत दडून बसतो, धुऊनही पूर्ण निघेल याची खात्री नसते, आणि तोच नव्या गिअरबॉक्समध्ये जातो. गिअरबॉक्सच्या खर्चापुढे कूलरची किंमत किरकोळ आहे. अशा वेळी नवाच घ्यावा व नळ्याही धुऊन घ्याव्यात.

काही गाड्यांत हा कूलर रेडिएटरच्या टाकीतच असतो. तो आतून फुटला की पाणी व तेल एकमेकांत मिसळून तेल दुधाळ दिसते. असे दिसताच गाडी जागीच बंद करावी व ओढून न्यावी. नुसता रेडिएटर बदलून भागत नाही, गिअरबॉक्सही तपासावा लागतो.

कूलर बसवताना नळीचा नट फिरवायला एक पाना व मागे आधाराला दुसरा पाना लावावा, म्हणजे नळी पिळत नाही. तेल पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रतीचे भरावे. गाडी अर्धा तास चालवून सांधे पाहावेत आणि तेलाची पातळी पुस्तिकेतील पद्धतीने पुन्हा मोजावी.